पन्नास मीटरवर ऐकू आलेले दोन शब्द

त्या सकाळी मला दोन शब्द ऐकू आले होते. सहा वर्षं झाली, मी सगळ्यांना एकच ऐकू आल्याचं सांगत आलोय. दवाखान्यात एकच, पोलिसांना एकच, बायकोला एकच. ज्याच्या हातात छर्रा घुसला त्यालाही एकच. मुळात मी फार बोलणारा माणूस नाही, त्यामुळे लपवणं जड गेलं नाही. आपण गप्प बसलो की लोक समजतात, याच्या मनाला फार लागलंय. लागलं होतंच. पण त्यांना वाटत होतं ते नव्हे.

मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो त्याला वीसेक वर्षं झाली. हूटगळ्ळीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यानं घडवलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि चालेल की नाही ते सांगायचं, एवढंच काम. घर कुवेंपुनगरात. तिथंच, आमच्या गल्लीच्या टोकाला, माझा मित्र राहतो. माझ्याच वयाचा. एका खासगी हायस्कूलात कन्नड शिकवतो, पण घरात मराठी. त्यांचं घराणं इकडे कधी आलं हे त्यालाही नक्की सांगता येत नाही. आजोबांच्या आजोबांपर्यंत तो मोजतो आणि मग हात हवेत सोडून देतो.

त्याचं मराठी ऐकून सुरुवातीला मला मजा वाटायची. अर्धं वाक्य मराठी, मग मध्येच कन्नड, मग पुन्हा मराठी. ‘स्वल्प साखर घाल.’ ‘सुम्ने बसलो होतो’, म्हणजे उगाच. प्रत्येक विधानाच्या शेवटी ‘अल्वा?’, म्हणजे ‘नाही का?’ पण सगळ्यात मजेदार होतं ते ‘सोड’. कन्नडमध्ये लोक वाक्याच्या शेवटी ‘बिडु’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सोड, पण बोलताना त्याचा अर्थ काळजी करू नकोस, ते झालंच समज. यानं त्याचं सरळ मराठी करून टाकलं होतं. ‘पाऊस येतो सोड’ म्हणजे पाऊस येणार, नक्की येणार. ‘तुझं काम होतंय सोड’ म्हणजे निश्चिंत राहा. मी म्हणायचो, अरे, असं मराठीत नसतं. तो म्हणायचा, “तुमच्या मराठीत नसेल. आमचं जुनं आहे, जरा वाकलंय.”

त्याची नक्कल मी त्याच्या बायकोसमोरही करायचो. ती कन्नड घरातली, सासूच्या हाताखाली राहून स्वयंपाकघरापुरतं मराठी शिकलेली. ती हसायची. तोही हसायचा. पण तो हसण्याच्या आधी किंचित थांबायचा, हे मला तेव्हाही दिसत होतं.

बंदूक मी पंचेचाळिशी उलटल्यावर घेतली. छऱ्यांची, स्प्रिंगवर चालणारी. नळी मधून खाली मोडायची, त्यानं आतली स्प्रिंग दाबून बसते. छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि हवेच्या जोरानं छर्रा जातो. वर मी दुर्बीण बसवून घेतली. शिकार वगैरेची हौस नव्हती. कावळ्यावरसुद्धा कधी धरली नाही. मला कागदावरची भोकं मोजायची होती. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू मोजतो, एकदा आपली स्वतःची चूक मोजून बघू, असं काहीसं डोक्यात होतं. हे आता लिहिताना बरं दिसतं. तेव्हा एवढंच होतं की गच्चीवर दहा मीटरवर पाचही छर्रे एकाच भोकात जायला लागले आणि मला कंटाळा आला.

लांबवर गोष्ट वेगळी होते. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टन धावतो आणि बंदूक आधी मागे, मग पुढे हिसका खाते. घट्ट धरली तर आपला प्रत्येक श्वास तिच्यात उतरतो. म्हणून ती पकडायची नाही, नुसती उघड्या तळहातावर ठेवायची. माझा मित्र पहिल्यांदा बघून म्हणाला होता, “बंदूक धरतोस की देवापुढं ताट?” दुर्बिणीचे स्क्रूही त्या हिसक्यांनी सरकतात. ते सरकले की नाही हे कळावं म्हणून मी बायकोच्या नेलपॉलिशनं दोन्ही बाजूंना बारीक रेघ ओढून ठेवली होती. वीस मीटरवर दुर्बीण जुळवली की पन्नासला छर्रा वीतभर खाली पडतो, वारा असला तर बाजूला जातो. इंटरनेटवर हौशी लोकांचा एक गट होता. तिथं कुणीतरी लिहिलं होतं की स्प्रिंगची बंदूक पन्नासवर कागद फाडायच्या लायकीची, गटबीट विसरा. गट म्हणजे पाच छऱ्यांची भोकं किती जवळ पडतात ते. मी सहसा कुठं काही लिहीत नाही. त्या दिवशी लिहिलं, पाच छऱ्यांचा कागद दाखवतो.

जागा मित्रानंच दिली. त्याच्या मेव्हण्याचं पिरियापट्टणजवळ तंबाखूचं शेत आहे. पानं धगीवर वाळवायची विटांची उंच, बिनखिडकीची खोली असते, तिला तिकडं बॅरनच म्हणतात. हंगाम संपला की ती थंड, रिकामी पडून असते. शेतही मोकळं. बॅरनची मागची भिंत म्हणजे छर्रे अडवायला उत्तम. भिंतीपुढं आम्ही मातीच्या गोण्या रचल्या, त्यांच्यापुढं कोपऱ्यालगत लाकडी चौकट. कागद तो शाळेतून आणायचा, जुन्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं, अर्धी फाडलेली.

महिनाभर आम्ही दर रविवारी जात होतो. तीस मीटर झालं, चाळीस झालं. पन्नासवर गाडी अडली. प्रत्येक पाच छऱ्यांनंतर चालत जाऊन कागद बदलून यायचं म्हटलं की माझी लय तुटायची. तेव्हा त्यानंच सुचवलं की तो बॅरनच्या कोपऱ्यामागं उभा राहील. चौकट त्या कोपऱ्यापासून हातभर. मी थांबलो की तो बाहेर येऊन कागद बदलेल आणि पुन्हा भिंतीआड जाऊन प्रत्येक छऱ्याआधी मला खूण देईल.

खूण काय द्यायची यावर आम्ही हसत हसत बोललो. मी म्हटलं ‘फायर’. तो म्हणाला सिनेमा आहे का हा. मग म्हणाला, बाण सोडतात, गोळी सोडतात, तेव्हा ‘सोड’. मला तिथंच थांबायला हवं होतं. कारखान्यात दोन वेगळ्या पेट्यांना एकच खूण चिकटवलेली दिसली तर मी लाइन थांबवतो. या माणसाच्या दर तिसऱ्या वाक्याच्या शेवटी तो शब्द येतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, चालेल. ‘पण ओरडून म्हण, लांबवून.’ तो तसंच म्हणू लागला. “सोऽऽऽड.” मोकळ्या रानात ते मोर ओरडल्यासारखं वाटायचं.

त्या सकाळी थंडी होती आणि वारा जवळजवळ नव्हता. मी पोत्यावर पालथा झोपलो होतो. छर्रे आदल्या दिवशी घरी एकेक तपासून घेतले होते, ज्यांची कड दबलेली ते बाजूला. पहिले दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर पहिला छर्रा मध्याच्या जरा वर लागला. दुसरा त्याला चिकटून. दुर्बिणीतून मला ती भोकं दिसत होती. तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तो भिंतीआडून ओरडायचा, मी श्वास सोडायचा, चाप ओढायचा. चारी भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती. महिन्याभरात असं झालं नव्हतं. पुन्हा होणार नाही हेही मला कळत होतं. मी पाचवा छर्रा भरला.

तेवढ्यात कागदाचा खालचा उजवा कोपरा सुटला. टाचणी गळून पडली असावी. कागद हलू लागला. मी वर न बघता ओरडलो की कागद हलतोय.

भिंतीआडून त्याचं उत्तर आलं. “लावतो सोड.”

दोन शब्द. पहिला स्पष्ट, दुसरा आखूड, नेहमीच्या बोलण्यातला. लावतो, काळजी करू नकोस. ती आमची खूण नव्हती. खूण लांब असायची, एकटी असायची. हा त्याच्या वाक्याचा शेपटाकडचा ‘सोड’ होता, ज्याची मी दहा वर्षं नक्कल करत होतो. तो ओळखायला मला क्षणही लागला नाही.

आणि मग दुर्बिणीत, कागदाच्या कोपऱ्याशी, मला त्याच्या बोटांची टोकं दिसली.

त्या वेळी डोक्यात जे आलं ते जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं, बोटं कोपऱ्यात आहेत, छर्रे मध्यात पडतायत. मध्ये चांगली चार-पाच बोटांची जागा आहे. चारही छर्रे नाण्याएवढ्यात गेलेत, पाचवाही तिथंच जाईल. कागद पुन्हा लावला तर निशाण सरकेल आणि गट मोडेल. आत्ता कागद स्थिर आहे, कारण त्यानं धरलाय.

शेवटचं वाक्य मी खरंच मनात म्हटलं. कागद स्थिर आहे, कारण त्यानं धरलाय. मी चाप ओढला.

इच्छा नव्हती असं मी म्हणत नाही. त्याला इजा करायची इच्छा नव्हती, हे खरं. मला पाचवा छर्रा हवा होता, हेही खरं. चाप ओढताना माझा खालचा तळहात मिटला, बंदूक मी घट्ट पकडली, हेही आठवतंय. आतून कुठंतरी कळत असावं की हे करू नये, आणि ते कळणं हातात उतरलं. छर्रा खाली आणि उजवीकडे गेला. शिवाय तोवर त्याचा हात कागद सारखा करत वर सरकला होता. दोन्हींतलं नक्की कशामुळं, ते मला ठरवता आलेलं नाही.

तो ओरडला नाही. भिंतीआडून पूर्ण बाहेर आला आणि मनगट धरून गोणीवर बसला. मी पळत गेलो. रक्त फार नव्हतं, करंगळीच्या खाली, मनगटाजवळ एक लहान काळसर भोक. तो त्या भोकाकडे बघत होता, जणू कुणा दुसऱ्याचा हात आहे. “सुम्ने आत गेलं बघ,” एवढंच म्हणाला. टॉवेल गाडीत होता. मी गाडीकडे वळलो, आणि वळता वळता चौकटीवरचा कागद ओढून घेतला, घडी करून खिशात घातला. टॉवेल त्यानंतर आणला.

म्हैसूरला यायला तास-सव्वातास लागला. तो शेजारी बसला होता, हात टॉवेलात, छातीशी. हुणसूर मागं पडलं. मग तो म्हणाला, “मी ‘लावतो’ म्हणालो होतो. ते वाऱ्यानं गेलं असेल. तुला नुसतं ‘सोड’ ऐकू आलं, अल्वा?”

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. मी समोरच्या लॉरीकडे बघत म्हणालो, “हो.”

एवढंच. याहून मोठं खोटं मी कधी बोललेलो नाही, आणि तेही माझं नव्हतं, त्यानं आयतं हातात दिलं होतं. मी फक्त घेतलं.

छर्रा काढला. मनगटाशी एक शीर असते, शेवटच्या दोन बोटांना जाणारी, तिला इजा झाली होती. टाके घातले, व्यायाम केले, पण ती दोन बोटं आत वळली ती वळलीच. बंदुकीची जखम म्हणून दवाखान्यातून पोलिसांना कळवणं भाग होतं. जबाब त्यानंच दिला, कन्नडमध्ये, मी बाजूला उभा. पोलिसानं विचारलं, ‘सोड’ म्हणजे काय? यानं समजावलं की ‘बिडु’चं मराठी, आणि म्हणाला, “चूक माझीच, मी खूण म्हणून जो शब्द ठेवला तोच बोलून गेलो, यांचा काही दोष नाही.” पोलिसानं लिहून घेतलं. आपल्या भाषेनंच आपल्याला गोळी घातली म्हणायची, असं काहीतरी तो म्हणाला आणि हसला. मित्रही हसला. हसण्याआधी तो थांबला नाही. मला ते फार वाईट वाटलं.

त्यानंतर हळूहळू त्यानं मराठी सोडलं. आधी माझ्याशी. भेटायला गेलो की “बन्नि, कूत्कोळ्ळि,” या, बसा. अहो-जाहोतलं कन्नड. इतकी वर्षं तो मला अरे-तुरे करायचा. मला वाटलं, दुखतंय, रागावलाय. पण तो रागावलेला नव्हता, चहा पाजायचा, शाळेतलं सांगायचा. एकदा मीच विचारलं तर म्हणाला की आपलं मराठी भरवशाचं नाही, कन्नडमध्ये मी काय बोलतो ते मला तरी माहीत असतं. आई होती तोवर तिच्याशी दोन शब्द बोलायचा. ती गेली. मग त्या घरात मराठी उरलं नाही. बायको त्याला अधूनमधून टोचायची, जिभेवर ताबा नसला की असं होतं. लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती. आता एकवीस.

फळ्यावर लिहिताना तो खडू अंगठा आणि दोन बोटांत धरतो, बाकीची दोन तळव्याला टेकलेली. त्याचं अक्षर पूर्वी शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मी बंदूक दुसऱ्याच आठवड्यात एका गोणीत शिवून माळ्यावर टाकली. कागद मात्र कपाटात राहिला. चार-पाच दिवसांनी मी व्हर्नियर घेऊन त्याच्यावरची चार भोकं मोजली. एकोणीस मिलिमीटर. कुणाला दाखवला नाही. तरी मोजली.

हे सगळं असंच राहिलं असतं. मागच्या महिन्यात त्याच्या लेकीला पुण्यात नोकरी लागली. ती आमच्या घरी पेढे घेऊन आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, “काका, मला तुमचं मराठी शिकवा की. अप्पा म्हणतात आमचं बोलायचं नाही, आमच्या मराठीत माणूस मरतो.” आणि खळखळून हसली. त्यांच्या घरातला हा नेहमीचा विनोद असावा. माझी बायकोही हसली. मी पेढा हातात धरून बसलो.

तिला मी म्हटलं, शिकवतो. ती गेली. मग मला कळलं की मला ते जमणार नाही. तिच्यासमोर बसून ‘सोड’ नव्हे, ‘राहू दे’ म्हणायचं, असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

पुढच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी त्याच्याकडे गेलो. लेक मैत्रिणींबरोबर बाहेर गेली होती. तो व्हरांड्यात परीक्षेचे पेपर तपासत बसला होता, बायको मागं भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. “बन्नि,” तो म्हणाला. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा चहा झाला असता.

मी मराठीत सांगितलं. लांबण लावली नाही. मला ‘लावतो’ पण ऐकू आलं होतं. वारा नव्हता. तुझी बोटं दिसली होती. मला पाचवा छर्रा हवा होता. कागद मी टॉवेलच्या आधी काढला.

त्यानं लाल पेनाचं टोपण लावलं. पेपरांवर हात ठेवून बसला, पंखा नसतानाही उडतील असं वाटल्यासारखा. मला वाटलं तो उठून आत जाईल, किंवा मला जा म्हणेल. मी दोन्हीसाठी तयार होतो. त्यानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं विचारलं, मराठीत, सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत:

“मध्ये किती वेळ होता?”

मी म्हटलं, एक श्वास.

“म्हणजे विचार करायला वेळ होता.”

“होता.”

“बोटं माझी आहेत हे कळलं होतं?”

मी त्याच्या आत वळलेल्या दोन बोटांकडे बघितलं. त्यानं मान हलवली. मग त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. म्हणाला, माझी आई शेवटी दवाखान्यात होती, तिला कन्नड नीट यायचं नाही, आणि मी तिच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी डोक्यात तपासायचो. चुकून काही भलतं बोलून जाईन म्हणून. ती म्हणायची, हा असा तोडून तोडून का बोलतो माझ्याशी? “तिला काय सांगू? मला वाटायचं माझ्या जिभेतच खोट आहे. पोरीला तर मी शिकवलंच नाही. आणि तू समोर बसून चहा पीत होतास.”

मी म्हटलं, हो.

“हो म्हणू नकोस. गाडीतपण हो म्हणालास.”

तो उठला. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्यानं आतल्या दाराकडे बोट केलं, चांगल्या हाताचं. म्हणाला, माझ्या बायकोला सांग. सहा वर्षं ती मला बोलतेय, माझ्या निष्काळजीपणावरून. तिला तू सांग, मी नाही.

मी म्हटलं, तू सोबत ये, माझं कन्नड तुला माहीत आहे. मला दुकानात, रिक्षात चालेल एवढं येतं; असलं काही मी त्या भाषेत जन्मात बोललो नव्हतो.

“दारात उभा राहतो,” तो म्हणाला. “शब्द देणार नाही. तुझे तू शोध.”

स्वयंपाकघरात ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, कढई घासत. माझी चाहूल लागून तिनं मान वळवली आणि मराठीत विचारलं, चहा टाकू का? मी नको म्हटलं. मनात वाक्य जुळवत होतो. ऐकू येणं, भूतकाळ, मला. साधं वाक्य, दुसरीतलं मूल बोलेल असं. मागं दारात तो उभा होता, त्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

“आ दिना,” मी म्हटलं, त्या दिवशी, “अवरु हेळिद्दु नन्गे पूर्ति केळिस्तु.” ते जे म्हणाले ते मला पूर्ण ऐकू आलं.

तिचा हात थांबला. मग ती हसली, मायेनं, माझ्या कन्नडला इतकी वर्षं हसत आली तशी. मी शब्द चुकवला असंच तिला वाटलं. मान हलवून तिनं दुरुस्त केलं:

“केळिस्लिल्ला अन्नि.” ऐकू आलं नाही, असं म्हणा.

मी दाराकडे पाहिलं. तो चौकटीला टेकून उभा होता. ओठ मिटलेले. तिनं दिलेला शब्द सोपा होता, मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“इल्ला,” मी म्हटलं. “केळिस्तु.” नाही, ऐकू आलं.

तिचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि डोळे मात्र माझ्यावरून सरकून नवऱ्यावर गेले. तिनं नळ बंद केला, हात पदराला पुसले, आणि ओट्याला पाठ लावून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी पुढच्या वाक्याचं क्रियापद शोधू लागलो.